एका दिवसाच्या पाहुण्याचा हिशेब

इटलीतील व्हेनिस शहराने २५ एप्रिल २०२४ पासून एक नवा कर अमलात आणला. शहरात मुक्काम न करता सकाळी येऊन संध्याकाळी परत जाणाऱ्या पाहुण्याने, ठरवून दिलेल्या गर्दीच्या दिवशी, ५ युरो भरल्याशिवाय जुन्या शहरात पाऊल टाकू नये, असा हा नियम आहे. पहिल्या वर्षी असे २९ दिवस निवडण्यात आले होते. २०२५ मध्ये ते ५४ झाले आणि आयत्या वेळी येणाऱ्यासाठी दर दुप्पट करण्यात आला. रात्रीच्या मुक्कामाला राहणाऱ्यास मात्र हा कर नाही. तो मुक्कामाचा कर निराळा भरतोच. पहिल्या वर्षी सुमारे २४ लाख युरो तिजोरीत जमा झाले. गर्दी काही हटली नाही, असे टीकाकार म्हणतात आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे.

या कराच्या मागे एक जुने दुखणे आहे. १९५१ च्या सुमारास व्हेनिसच्या जुन्या शहरात पावणेदोन लाख माणसे राहत होती. २०२२ मध्ये हा आकडा ५० हजारांच्या खाली गेला. घरे पाहुण्यांना भाड्याने देणे अधिक किफायतशीर ठरले, किराणा आणि पाव विकणाऱ्या दुकानांच्या जागी मुखवटे विकणारी दुकाने आली आणि राहणारा माणूस हळूहळू पुलापलीकडे निघून गेला. एका दिवसासाठी आलेले कुटुंब घरून आणलेली शिदोरी एखाद्या पुलाच्या पायरीवर बसून सोडते, चर्च पाहते, छायाचित्रे काढते आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाते. त्याने केलेला कचरा उचलणे, त्याच्यासाठी पाणी आणि स्वच्छतागृहे पुरविणे, झिजलेल्या पायऱ्या दुरुस्त करणे, हा सगळा खर्च गावाच्या माथी. लाभ मात्र रेल्वेला आणि प्रवासी कंपन्यांना. खर्च एकाचा आणि लाभ दुसऱ्याचा, हीच अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील बाह्य परिणामांची व्याख्या होय.

येडशीच्या माणसाला हा तंटा परका वाटेल. बालाघाटाच्या रांगेवरील हे गाव सोलापूर–धुळे आणि लातूर–बार्शी या दोन रस्त्यांच्या चौफुलीवर वसले आहे. रामलिंगाचे देऊळ आणि त्याभोवतीचे घाटातील अभयारण्य ही त्याची ओळख. श्रावणात तेथे माणसांचा पूर लोटतो. एरवी हमरस्त्यावरची वाहने न थांबता निघून जातात. २०२४ च्या अखेरीस यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक वाघ शेकडो किलोमीटर चालून येथे येऊन राहिला, तेव्हा येडशीचे नाव कित्येक आठवडे वर्तमानपत्रांतून झळकत होते. येडशीच्या पूर्वेला वीस-पंचवीस किलोमीटरांवर जे दोन हजार वर्षांचे नगर आहे, त्याच्या वाट्याला मात्र तेवढे रकाने कधी आले नाहीत.

ते नगर म्हणजे तेर. इटलीशी त्याचे नाते केवळ तुलनेपुरते नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अज्ञात ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रव्यापाराच्या मार्गदर्शिकेत दक्षिणेतील दोन मोठ्या बाजारपेठांचा उल्लेख आहे. भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणच्या पूर्वेस आणखी दहा दिवसांच्या वाटेवर तगर. तगराहून साधे कापड, नाना प्रकारची मलमल आणि इतर माल गाड्यांत भरून, रस्ता म्हणावा असा रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जाई आणि तेथून तो रोमन साम्राज्याच्या बाजारात पोहोचे. हे तगर कोणते, याविषयी दीर्घकाळ वाद होता. कोणी देवगिरीचे नाव घेई, कोणी जुन्नरचे. विसाव्या शतकाच्या आरंभी जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर हे मांडले आणि ते मान्य झाले. त्याच सुमारास हेन्री कझिन्स यांनी तेथील त्रिविक्रम मंदिराचा विटांचा, मागे अर्धगोल असलेला भाग मुळात चैत्यगृहाचा असावा, हे दाखवून दिले. १९५८ मध्ये चापेकर यांनी केलेल्या आणि नंतरच्या उत्खननांतून सातवाहनकाळाचे थर उजेडात आले. दुहेरी साच्यात घडविलेल्या पांढऱ्या मातीच्या मूर्ती, शंखाच्या बांगड्या, मणी आणि रोमन नाण्यांची नक्कल असलेली मातीची पदके या थरांतून मिळाली.

त्यांत एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. १९३८ मध्ये इटलीतील पोम्पेई येथे, इसवी सन ७९ च्या ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या एका घरात, वीतभर उंचीची भारतीय घडणीची हस्तिदंती मूर्ती सापडली होती. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तेरची मूर्ती आणि ही मूर्ती यांतील साम्य अभ्यासकांनी वेळोवेळी दाखविले आहे. पोम्पेईची मूर्ती नेमकी कोठे घडली याविषयी एकमत नाही. ते असण्याची गरजही नाही. येडशीच्या एखाद्या मुलाला इतके कळले तरी पुरे आहे की, जे पाहावयास जगभरातून लोक इटलीस जातात, त्यातील एका वस्तूची बहीण शोभावी अशी वस्तू त्याच्या घरापासून तासाभराच्या वाटेवर, तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे शासकीय संग्रहालयात आहे.

तेव्हा येडशीतील एखादे शिक्षकाचे कुटुंब रविवारी तेर पाहावयास निघाले, अशी कल्पना करावी. पंचाहत्तरी ओलांडलेले आजोबा, सत्तरीची आजी, शिक्षक, त्यांची पत्नी आणि बारा वर्षांखालील दोन मुले. पंचाहत्तर वर्षांवरील नागरिकांना ऑगस्ट २०२२ पासून राज्य परिवहनाचा प्रवास मोफत आहे. १७ मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना अर्धे भाडे पडते. मुलांना अर्धे तिकीट पूर्वीपासूनच आहे. हिशेब केला तर सहा माणसांना तीन तिकिटांचे भाडे लागते. म्हणजे सहलीचा भाड्याचा खर्च सरकारने अर्ध्यावर आणलेला आहे. मग सुटीच्या दिवशी हे कुटुंब घराबाहेर का पडत नाही, आणि पडले तर तुळजापूरला किंवा नळदुर्गला जाऊन तेर का टाळते?

भाडे हा सहलीच्या खर्चाचा लहान भाग असतो, हे त्याचे उत्तर. १९४७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान खात्याने अर्थशास्त्रज्ञांना एक प्रश्न विचारला होता: ज्या उद्यानात प्रवेश जवळजवळ फुकट आहे, त्याचे लोकांच्या लेखी मूल्य किती, हे कसे मोजावे? हॅरॉल्ड हॉटेलिंग यांनी पत्राने उत्तर पाठविले की, तिकिटाकडे पाहू नका. माणूस तेथवर पोहोचण्यासाठी किती पैसे आणि किती वेळ खर्च करतो ते पाहा, मूल्य त्यात उमटते. ही पद्धत आज जगभर वापरली जाते. तिचा उलट अर्थही तितकाच खरा आहे. तिकीट कितीही स्वस्त केले तरी पोहोचण्यात आणि परतण्यात दिवस खर्ची पडत असेल, तर त्या स्थळाची खरी किंमत महागच राहते.

शिक्षकाच्या या कुटुंबाजवळ पहाटेचा स्वयंपाक आणि रात्रीचे दिवे यांच्या मधले फार तर नऊ-दहा तास आहेत. थेट गाडी नसेल आणि वाटेत एकदा बदलावी लागली, तर जाण्यायेण्यात आणि फाट्यावर ताटकळण्यात चार तास सहज जातात. तेरमध्ये पोहोचल्यावर संग्रहालय एका बाजूस, त्रिविक्रम दुसऱ्या बाजूस, उत्तरेश्वर आणि गोरोबाकाकांचे देऊळ तेरणेच्या काठी. उन्हात आजीला चालवत नाही. आणि येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे, कारण पर्यटनाच्या आराखड्यांत ती शेवटच्या पानावर असते. कुटुंबाच्या सहलीची लांबी घरातील बाईमाणसांच्या सोयीने ठरते. स्वच्छ आणि उघडे असलेले स्वच्छतागृह जेथे नाही, तेथे आई आणि आजी सकाळपासून पाणी पिण्याचे टाळतात आणि दुपारी दोन वाजता ‘आता निघू या’ असे म्हणतात. पुरुषांना वाटते, बायकांना इतिहासात गोडी नाही! भाड्यात निम्मी सवलत देणाऱ्या शासनाने स्त्रीला घराबाहेर काढले, हे त्याचे श्रेय आहेच. पण बाहेर आलेल्या स्त्रीला बाहेर राहता आले पाहिजे, हा दुसरा अर्धा भाग जिल्ह्यातील बहुतेक ऐतिहासिक स्थळी अद्याप बाकी आहे.

यात्रेची गोष्ट वेगळी. यात्रेकरू गैरसोय सोसतो, किंबहुना ती सोसण्यातच त्याचे पुण्य असते. आणि यात्रेकरूच्या खर्चाची रीतही पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली आहे: ओटी, नारळ, कवड्यांची माळ, दक्षिणा, प्रसाद, घरी न्यावयाचे कुंकू. तुळजापूरचा बाजार या रिवाजावर उभा आहे. स्थळ पाहावयास आलेल्या कुटुंबाला असा कोणताही रिवाज नाही. ते घरून दशमी, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याची बाटली घेऊन येते, झाडाखाली बसून खाते आणि जाते. व्हेनिसची तक्रार तीच येथेही करता येईल की पाहुणा काही खर्चच करीत नाही. पण ही तक्रार पाहुण्यावर ढकलणे बरोबर नाही. तेरमध्ये त्याने विकत तरी काय घ्यावे? ज्या गावाने दोन हजार वर्षांपूर्वी मातीच्या मूर्ती परदेशी नजरेला भुलवतील अशा घडविल्या आणि ज्या गावच्या कुंभाराने संतांची डोकी थापटण्याने पारखली अशी कथा अवघा महाराष्ट्र सांगतो, त्या गावी संग्रहालयातील मूर्तीची चांगली मातीची प्रतिकृती पाहुण्याला सहज मिळावी, ही अपेक्षा अवाजवी नव्हे.

या सगळ्यातून गाव श्रीमंत होईल, असे कोणी सांगू लागले तर त्यावर विश्वास ठेवू नये. साधा गुणाकार करून पाहावा. समजा, उन्हाळा आणि पावसाचे काही आठवडे वगळून वर्षातील ४० रविवारी प्रत्येकी ५० कुटुंबे तेरला आली आणि प्रत्येकाने गावात २०० रुपये खर्च केले. दिवसाचे १० हजार आणि वर्षाचे ४ लाख रुपये झाले. ही उलाढाल आहे, उत्पन्न नव्हे. त्यातून माल आणि इंधन वजा जाता एखाद्या बचत गटाच्या बायकांना भाकरी-पिठल्याच्या खानावळीतून हंगामी हातभार लागेल, दोन-तीन तरुणांना वाटाड्याचे काम मिळेल, एखाद्या कुंभाराचे चाक थोडे अधिक फिरेल. राज्याच्या अंदाजपत्रकात हा आकडा दिसणारही नाही.

मग एवढा खटाटोप कशासाठी? तेरचा ठेवा ज्यांच्या घरांखाली आहे, त्यांच्यासाठी. तेर हे निर्जन अवशेषांचे ठिकाण नाही. जुन्या वस्तीच्या पांढरीवरच आजचे गाव नांदते. मराठवाड्यातील धाब्याच्या घरांना पांढरीची माती पिढ्यान्‌पिढ्या लागत आली आणि ती खणताना इतिहासाचे थर नकळत छतांवर गेले. पावसाळ्यानंतर मणी, नाणी, खापरे वर येतात ती मुलांना सापडतात. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची ठेव जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. १९७२ चा पुरावस्तूंविषयीचा कायदा निराळाच. संरक्षित वास्तूंच्या आसपास बांधकामावर निर्बंध येतात. केंद्राने संरक्षित केलेल्या वास्तूंभोवती १०० मीटरपर्यंत तर ते वर्ज्यच आहे. अशा गावातील माणसाच्या दृष्टीने प्राचीनता म्हणजे काय? खोली वाढविता न येणे, पाया खणताना भीती आणि सापडलेली वस्तू फुकट सरकारजमा. उलट चोरून विकत घेणारा रोख पैसे मोजतो. ज्याच्या पदरी केवळ तोटा आहे त्याने राखणदारी करावी, ही अपेक्षा कोणत्याही अर्थशास्त्राला धरून नाही.

रामलिंगप्पा लामतुरे यांचे मोठेपण येथे कळते. त्यांनी या मातीतून वर येणाऱ्या वस्तू जमविल्या आणि जपल्या, म्हणूनच त्या परगावच्या व्यापाऱ्यांच्या हाती न जाता गावातच राहिल्या आणि आजचे संग्रहालय उभे राहिले. कायद्याला जे साधले नसते ते एका गावकऱ्याच्या आस्थेने साधले. पण प्रत्येक पिढीत एक लामतुरे जन्मेल, या भरवशावर शासनाने राहू नये. दर रविवारी परगावची पन्नास कुटुंबे आपल्या गावची खापरे पाहावयास येतात, हे ज्या मुलाला दिसते, ते मूल हाती लागलेला मणी निराळ्या नजरेने पाहील. संग्रहालयाच्या तिकिटाच्या उत्पन्नातील ठरावीक वाटा ग्रामपंचायतीकडे जावा. वस्तू आणून देणाऱ्याचे नाव तिच्या शेजारच्या पाटीवर लिहावे. पाट्यांवरील मराठी सातवीच्या मुलाला समजेल असे असावे. या गोष्टींना कोट्यवधी रुपये लागत नाहीत.

शासकीय विचार बहुधा उलट दिशेने जातो. ध्वनिप्रकाशाचा खेळ, प्रवेशकमान, बगीचा, कारंजे यांवर निधी पडतो, कारण त्यांचे उद्‌घाटन करता येते. गाडीच्या वेळापत्रकातील बदलाचे उद्‌घाटन करता येत नाही. दुसरा आक्षेप असाही घेतला जातो की गर्दी वाढली तर तेरचेही व्हेनिस होईल. पोम्पेईने नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला २० हजार पाहुण्यांची मर्यादा घातली, हे खरे आहे. परंतु दुष्काळी भागात राहणाऱ्याने महापुराच्या भयाने विहीरच खणू नये, असे म्हणण्यासारखे ते होईल. मर्यादा घालण्याची वेळ यावी, असे भाग्य तेरच्या वाट्याला येण्यास पुष्कळ अवकाश आहे.

मात्र एक वर्ग असा आहे, की ज्याला या हिशेबात बसविणे कठीण. महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा मिळाला. कारकुनाला शनिवार-रविवार मोकळे झाले. शेतमजुराला रविवार नाही. २०२५–२६ या वर्षात रोजगार हमीच्या कामावर महाराष्ट्रात दिवसाला ३१२ रुपये मजुरी ठरली होती. त्या दराने नवरा-बायकोने एक दिवस कामावर खाडा केला, तर गाडीत बसण्यापूर्वीच ६२४ रुपये गेले. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले दसऱ्यानंतर पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील कारखान्यांची धुराडी पाहतात, पण आपल्या जिल्ह्यातील तेर पाहत नाहीत. या मुलांना तेर दाखविण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे शाळेची सहल. शैक्षणिक सहलींना राज्य परिवहनाचे भाडे सवलतीत मिळते. तरीही सहल म्हटली की रायगड, महाबळेश्वर, गणपतीपुळे. दोन रात्रींचा प्रवास, डोईजड वर्गणी आणि ज्याला ती देता येत नाही तो मुलगा त्या दिवशी शाळेतच येत नाही. रायगड पाहू नये असे नाही. परंतु येडशीच्या शाळेतून सकाळी निघून संध्याकाळी परत येणारी, वर्गातील एकही मूल मागे न ठेवणारी सहल तेरला नेता येते, आणि ती ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडण्यापूर्वी, सप्टेंबरात, नेता येते. सहली डिसेंबर-जानेवारीत काढावयाच्या, हा प्रघात नोकरदारांच्या मुलांच्या सोयीचा आहे.

अशा सहलीसाठी आणि त्या शिक्षकाच्या सहा माणसांच्या कुटुंबासाठी लागणाऱ्या गोष्टी एकच आहेत. रविवारी सकाळी आठच्या सुमारास येडशीहून निघून ढोकीमार्गे तेरला जाणारी एक थेट गाडी. देवळांच्या वाटेवर सावली आणि पाणी. दोन स्वच्छतागृहे आणि ती उघडी ठेवणारा एक पगारी माणूस. पाहुण्याला गावातून फिरवून आणील असा एखादा तरुण, आणि संग्रहालय बंद झाल्यानंतर, आधी नव्हे, सुटणारी परतीची गाडी. यांतील पहिली आणि शेवटची गोष्ट आगाराच्या वेळापत्रकात दोन ओळी वाढवून होण्यासारखी आहे. मधल्या दोहोंसाठी ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषद यांनी एकत्र बसावे लागेल, आणि वाटाड्याचे काम शिकविण्यास जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना सुटीतील एक पंधरवडा पुरे आहे.